चालता स्पीकर बंद पाडला तर 30 टक्के सवलत

ऑक्टोबर 2019 मध्ये सोनोस या अमेरिकी कंपनीने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांपुढे एक योजना ठेवली. जुन्या स्पीकरच्या बदल्यात नव्या स्पीकरवर 30 टक्के सवलत. दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफर बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. जुना टीव्ही टेम्पोत चढतो, नवा खोक्यातून बाहेर येतो आणि बिलातून थोडी रक्कम वजा होते. सोनोसची योजना मात्र वेगळी होती. जुना स्पीकर कंपनीच्या ताब्यात देण्याची सक्ती नव्हती, तो तुमच्याच फळीवर राहिला तरी चालत होतं. अट एवढीच होती की तो कायमचा बंद पडला पाहिजे.

ते काम मालकानेच मोबाइलवरून करायचं होतं. सोनोसच्या ॲपमध्ये जुना स्पीकर निवडायचा आणि त्याला ‘रीसायकल मोड’मध्ये टाकायचं. त्यावर सवलत खात्यात जमा व्हायची आणि स्पीकरची 21 दिवसांची उलटी मोजणी सुरू व्हायची. हे दिवस संपले की स्पीकरमधली माहिती पुसली जायची आणि त्याचं सॉफ्टवेअर असं कुलूपबंद व्हायचं, की तो पुन्हा कुणाच्याही घरात सुरू होऊ नये. फॅक्टरी रीसेट करूनही उपयोग नाही. जुना स्पीकर जवळच्या ई-कचरा केंद्रात द्यावा किंवा कंपनीकडे पाठवावा, असं कंपनी सांगत होती. पण तो तिथे पोचला की नाही याच्याशी सवलतीचा संबंध नव्हता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्या एका माणसाने ट्विटरवर तक्रार मांडली. त्याच्या दुकानात सोनोसचे चांगल्या अवस्थेतले स्पीकर आले होते. पुसून, तपासून कमी पैशात दुसऱ्या कुणाला देण्यासारखे. पण रीसायकल मोडमुळे ते आता फक्त फोडण्याच्या लायकीचे उरले होते. ती तक्रार पसरली आणि जगभरातली वृत्तपत्रं आणि तंत्रज्ञानाच्या साइट्सनी ती उचलली. पुढच्या तीन महिन्यांत जे घडलं, त्यातून इंटरनेटशी जोडलेली कुठलीही वस्तू म्हातारी कशी होते आणि तिच्या बदल्यात मिळणारी सवलत नेमकी कशाची असते, हे दोन्ही फार स्वच्छ दिसतं. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात बघू.

स्पीकर आधी म्हातारा होतो की त्यातला संगणक?

सोनोस ही 2002 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावात सुरू झालेली कंपनी. घरातल्या प्रत्येक खोलीत बिनवायरीने, एकाच वेळी, एकच गाणं वाजावं (किंवा हवं तर प्रत्येक खोलीत वेगळं) ही तिची मूळ कल्पना. 2005 साली तिची पहिली उपकरणं बाजारात आली, म्हणजे आयफोनच्या दोन वर्षं आधी. स्मार्टफोन हातात नव्हता, म्हणून गाणी निवडायला कंपनीने स्वतःचा मोठा रिमोट बनवला होता. ती उपकरणं महाग होती आणि लोकांनी ती जपली. जानेवारी 2020 मध्ये कंपनीनेच सांगितलं की तिने आजवर विकलेल्या उपकरणांपैकी 92 टक्के अजून वापरात आहेत. कुठल्याही उत्पादकाला छाती फुगवून सांगावा असा हा आकडा आहे. त्याची दुसरी बाजू अशी की ज्यांच्या घरचा स्पीकर पंधरा वर्षं उत्तम चालतो, ते नवा घ्यायला येत नाहीत.

अशा स्पीकरच्या आत दोन वेगळे संसार असतात. 2009 साली आलेला सोनोसचा प्ले-फाइव्ह हा स्पीकर उघडला तर आत पाच ड्रायव्हर दिसतात: बारीक आवाजाचे दोन ट्वीटर, मधल्या पट्टीचे दोन आणि खर्जासाठी एक वूफर. प्रत्येकाला स्वतःचा छोटा ॲम्प्लिफायर. तांब्याच्या तारेचं वेटोळं, चुंबक आणि हवा ढकलणारा कोन हे स्पीकरचं मूळ यंत्र गेल्या शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही. ते झिजतं, पण हळूहळू. काही स्पीकरांत कोनाभोवतीची फोमची कड दहा-वीस वर्षांत कुजते, ती नवी चिकटवता येते. ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर सुकतात, ते बदलता येतात. सत्तरच्या दशकातले साधे स्पीकर आजच्या ॲम्प्लिफायरला जोडले की वाजतात, कारण दोघांमध्ये फक्त दोन तारा आहेत आणि त्या तारांची भाषा बदललेली नाही.

दुसरा संसार संगणकाचा. एक प्रोसेसर, थोडी मेमरी, वायफायसाठी रेडिओ आणि या सगळ्याला चालवणारं सॉफ्टवेअर. हा भाग झिजत नाही. पंधरा वर्षांपूर्वीची चिप आजही पहिल्या दिवशीइतकीच वेगाने चालते. तिच्याभोवतीचं जग मात्र सरकतं. गाणी पुरवणाऱ्या सेवा आपल्या सर्व्हरशी बोलण्याची पद्धत बदलतात. जोडणी सुरक्षित ठेवण्याचे नियम कडक होतात, नवी प्रमाणपत्रं लागतात. आवाजाच्या फाइलींचे नवे प्रकार येतात. त्या प्रत्येक बदलासाठी स्पीकरमध्ये थोडं जास्तीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि 2006 च्या उपकरणात 2006 च्या भावाने परवडेल तेवढीच मेमरी घातलेली असते. ती भरली की संपलं. लॅपटॉपसारखी ती वाढवता येत नाही, कारण चिप बोर्डवर पक्की डाकलेली असते.

एक नेमकं उदाहरण देतो. पुष्कळ जुने सोनोसवाले आपल्या सीडी संगणकावर उतरवून घेत आणि घरातल्या नेटवर्कवरच्या हार्ड डिस्कवरून ऐकत. त्या डिस्कवरच्या फाइली वाचायला जुनं सोनोस एसएमबी नावाच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरायचं. ही आवृत्ती ऐंशीच्या दशकातली. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच आवृत्तीतल्या एका खिंडारातून जगभरातले संगणक ओलीस धरले. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यात सापडली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ती आवृत्ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनीही तेच केलं. आता स्पीकर ठणठणीत आहे, डिस्क ठणठणीत आहे, गाणी जागच्या जागी आहेत, आणि तरी गाणं लागत नाही. मालकाने काहीही बिघडवलेलं नाही. दोघांमधला दुवा असुरक्षित ठरला आणि नवा दुवा बसवण्याएवढी जागा जुन्या यंत्रात मिळाली नाही. जुनं होणं म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं.

त्यामुळे जुन्या उपकरणांना मर्यादा आल्या आहेत असं सोनोस म्हणत होती, त्यात तथ्य होतं. हे मान्य करूनच पुढचा वाद समजून घ्यायला हवा. कंपनी खोटं बोलत होती असं म्हणून हे प्रकरण निकालात निघत नाही.

एक जुना, तर सगळे जुने

रीसायकल मोडवरून आधीच धूर निघत होता, त्यात 21 जानेवारी 2020 ला कंपनीने पुढची घोषणा केली. मे महिन्यापासून काही जुन्या उपकरणांना सॉफ्टवेअरचे अपडेट मिळणार नाहीत. यादीत पहिले झोन-प्लेयर होते, कनेक्ट आणि कनेक्ट-ॲम्प होते, पहिल्या पिढीचा प्ले-फाइव्ह होता, सीआर-200 हा रिमोट होता आणि ब्रिज नावाची छोटी डबी होती. यातली काही मॉडेलं 2015 पर्यंत नवी म्हणून दुकानात विकली जात होती. म्हणजे एखाद्याने पाच वर्षांपूर्वी शेकडो डॉलर मोजून घेतलेली वस्तूही या यादीत येत होती.

खरा भडका उडाला तो घोषणेतल्या दुसऱ्या वाक्यावरून. घरात यातलं एक जरी उपकरण जोडलेलं असेल, तर त्या घरातल्या एकाही सोनोसला, अगदी काल आणलेल्यालाही, नवे अपडेट मिळणार नव्हते.

असं का? सोनोसचे स्पीकर सुटे सुटे काम करत नाहीत. ते एकमेकांशी सतत बोलतात, एकमेकांकडून संदेश पुढे पोचवतात, आणि स्वयंपाकघर व हॉल यांच्या आवाजात कानाला कळेल एवढाही फरक पडू नये म्हणून वेळेचा ठोका एकत्र धरतात. यासाठी घरातल्या सगळ्या उपकरणांवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती लागते. वारीच्या दिंडीसारखं हे आहे. टाळ एका ठेक्यात वाजायचे तर सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने चालावं लागतं. जोवर सगळ्यांना अपडेट मिळत होते, तोवर कुणाला हे जाणवलं नाही. एकाचे थांबणार म्हटल्यावर सगळ्यांचेच थांबले.

आता हे रीसायकल मोडला जोडून बघा. घरात सहा स्पीकर आहेत, त्यांतला एक 2009 चा. तो ठेवला तर बाकीचे पाच गोठतात. तो काढला तर चालणारी वस्तू टाकावी लागते. आणि तो कायमचा बंद पाडला तर 30 टक्के सवलत आहेच. ही निवड गिऱ्हाइकाला मोकळेपणी करू दिली असं मला म्हणवत नाही.

दोन दिवसांत, 23 जानेवारीला, तेव्हाचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर पत्र लिहावं लागलं. आम्ही हे सुरुवातीपासून नीट हाताळलं नाही, असं त्यांनी त्यात कबूल केलं. जुनी उपकरणं मे महिन्यानंतरही चालत राहतील, शक्य असेल तितका काळ त्यांतल्या चुका आणि सुरक्षेची भगदाडं बुजवत राहू, आणि घरातली जुनी व नवी उपकरणं वेगळी करून नव्यांना अपडेट मिळावेत असा मार्ग काढू, ही आश्वासनं दिली. मार्चमध्ये रीसायकल मोड गुपचूप हटवला गेला. सवलत तशीच राहिली, पण जुन्या स्पीकरचं काय करायचं हे मालकावर सोडलं. ठेवा, कुणाला द्या, किंवा ई-कचऱ्यात टाका. जूनमध्ये ॲपचे दोन भाग झाले. नव्यांसाठी एस-टू, जुन्यांसाठी एस-वन. जुनं सोनोस एस-वनवर पुढे वाजत राहिलं.

या शेवटच्या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जे मार्चमध्ये आणि जूनमध्ये करता आलं, ते ऑक्टोबरमध्येही करता आलं असतं. मेमरी तेवढीच होती, चिपा त्याच होत्या. त्यामुळे जुन्या उपकरणांना अपडेट न देणं ही बरीचशी तांत्रिक अडचण होती. ती मारून टाकणं ही मात्र पूर्णपणे निवड होती. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणाऱ्याला दुसरीही अपरिहार्य वाटते. पुढच्या वेळी कुठल्याही कंपनीने ‘आता हे उपकरण जुनं झालं’ असं सांगितलं, की या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघा.

पुनर्वापर आणि भट्टी यांतलं अंतर

रीसायकल मोडचं समर्थन कंपनीने मुख्यतः दोन मुद्द्यांवर केलं होतं: मालकाची खासगी माहिती पुसली जावी, आणि कमी ताकदीचं जुनं यंत्र नव्या माणसाच्या गळ्यात पडू नये. माहिती पुसायला फॅक्टरी रीसेट आधीपासून होताच. फोन विकताना आपण तोच करतो आणि फोन मरत नाही. दुसरा मुद्दा जरा विचार करण्यासारखा आहे, कारण जुना सोनोस विकत घेणाऱ्याला त्याच्या मर्यादा माहीत नसू शकतात. पण ज्याला स्वस्तात चांगला आवाज हवा आहे, त्याने मर्यादा ऐकून घेऊन ठरवावं. त्याच्या वतीने स्पीकर फोडून टाकण्याचं कारण नाही.

कचऱ्याच्या कामात एक क्रम पाळतात. आधी वस्तूची गरजच कमी करा, मग आहे ती पुन्हा वापरा, मग दुरुस्त करा, आणि काहीच होणार नसेल तेव्हाच तिच्यातला माल वितळवून परत मिळवा. युरोपीय संघाच्या कायद्यातही हा उतरता क्रम लिहिलेला आहे. रीसायकलिंग खाली ठेवण्याचं कारण सरळ आहे. त्यात वस्तू संपते आणि तिच्यातल्या मालाचा फक्त काही भाग हाती लागतो.

एक वायरलेस स्पीकर रीसायकलिंगच्या कारखान्यात गेला तर काय होतं? बॅटरी असेल तर ती आधी काढतात, कारण ती पेट घेऊ शकते. मग बहुतेक ठिकाणी यंत्रात घालून तुकडे करतात. चुंबकाने लोखंड ओढून घेतात, दुसऱ्या यंत्राने ॲल्युमिनियम आणि तांबं वेगळं करतात. सर्किट बोर्डांचे तुकडे धातू गाळणाऱ्या भट्टीकडे जातात, कारण त्यांत तांब्याबरोबर किंचित सोनं असतं. प्लॅस्टिक अनेक प्रकारचं, रंग दिलेलं, चिकटवलेलं असतं. त्याला चांगलं गिऱ्हाईक मिळणं अवघड. काही स्पीकरांच्या चुंबकात निओडिमियम हे दुर्मिळ धातूंपैकी एक मूलद्रव्य असतं, ते सहसा लोखंडाच्या ढिगात मिसळून हातचं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2024 साली काढलेल्या ई-कचऱ्याच्या जागतिक अहवालानुसार दुर्मिळ मूलद्रव्यांच्या मागणीपैकी फक्त 1 टक्का ई-कचऱ्यातून भागते. त्याच अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे पुरला, कुठे जाळला, कुठे हाताने फोडला गेला.

या चित्रात तो पहिल्या पिढीचा प्ले-फाइव्ह ठेवून बघा. त्याच्या पाठीला केबल लावून गाणी वाजवायचं एक साधं भोक होतं, साडेतीन मिलिमीटरचं, आणि हेडफोनचंही. इंटरनेट, सेवा, ॲप सगळं सोडून दिलं तरी एखाद्या शाळेच्या वर्गात, एखाद्या तालमीच्या खोलीत तो फोनला वायरीने जोडून वाजला असता. पण त्या भोकातून येणारा आवाजसुद्धा आतल्या संगणकातूनच जातो. संगणकाला कुलूप लागलं की पाच चांगले ड्रायव्हर आणि पाच चांगले ॲम्प्लिफायर असलेला तो स्पीकर चूं करत नाही. एवढी धडधाकट वस्तू तुकड्यांत जावी, त्यातून मूठभर तांबं निघावं आणि याला पर्यावरणाचं काम म्हणावं, हे मला पटत नाही.

कंपनीच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे, तो विजेचा. नेटवर्कचे स्पीकर कधी झोपत नाहीत. गाणं बंद असलं तरी वायफायवर कान लावून बसलेले असतात आणि जुनी यंत्रं यात जास्त वीज खातात. समजा एखादा स्पीकर नुसता बसून 6 वॅट घेतो. वर्षाच्या 8,760 तासांत ते साधारण 52 युनिट होतात. नवा 2 वॅटमध्ये भागवत असेल तर वर्षाला 35 युनिट वाचतात. पण तो फरक वापरत नसताना मुख्य बटण बंद करूनही वाचतो, त्यासाठी नवा स्पीकर बनवण्याचा, पॅक करण्याचा आणि जहाजाने आणण्याचा भार घ्यावा लागत नाही.

सवलत नेमकी कशाची?

कंपनीच्या जागी बसून बघू. 2019 च्या आर्थिक वर्षात सोनोसची विक्री सव्वा अब्ज डॉलरच्या वर होती आणि तिच्या मालापैकी मोठा हिस्सा आधीपासून सोनोस असलेल्या घरांतच जात होता. शिवाय ऑगस्ट 2018 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरलेली, म्हणजे दर तीन महिन्यांनी वाढ दाखवायची. अशा कंपनीला जुनं गिऱ्हाईक परत दुकानात आणायचं असतं. सवलतीने ते येतं.

पण त्याने जुना स्पीकर ऑनलाइन विकला, तर आणखी एक घर सोनोसवाल्यांत येतं, तेही कंपनीच्या गल्ल्यात एक डॉलर न टाकता. हा दुसऱ्या हाताचा बाजार कंपनीला दोन प्रकारे दिसू शकतो. एका नजरेने ती फुकटची जाहिरात आहे: आज जुना घेणारा उद्या नवा घेईल. दुसऱ्या नजरेने ती हुकलेली विक्री आहे. रीसायकल मोड या दुसऱ्या नजरेने बनलेला दिसतो. हे माझं अनुमान आहे, पण योजनेची रचनाच तिकडे बोट दाखवते. कंपनीला जुना माल परत हवा असता, तर तो हातात आल्यावरच सवलत दिली असती. कच्चा माल हवा असता तरी तेच. इथे माल कुठे जातो याची तपासणी नव्हती. तपासलं जात होतं ते एवढंच, की तो बाजारातून उठला की नाही. 399 डॉलरच्या पोर्ट या उपकरणावरचे 120 डॉलर म्हणजे जुनं उपकरण कायमचं बाद करण्याचा मोबदला होता.

आपल्याकडची एक्स्चेंज ऑफर याच्याशी ताडून बघा. दुकानदार जुना टीव्ही किंवा होम थिएटर घेऊन जातो, तो बहुतेक वेळा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे पोचतो. तो दुरुस्त होतो, तालुक्याच्या गावी अर्ध्या-पाव किमतीला विकला जातो, किंवा त्यातले सुटे भाग पुण्यातल्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास दुसऱ्या यंत्रात बसतात. यात भावाची फसवणूक होते, हमी मिळत नाही, आणि शेवटी उरलेला कचरा उघड्यावर ॲसिडमध्ये बुडवून धातू काढणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांची किंमत कुणीच मोजत नाही. ते सगळं वाईट आहे आणि बदललंच पाहिजे. पण या साखळीत चालणाऱ्या वस्तूला मारायला कुणी पैसे देत नाही. दुरुस्त करणारा कारागीर तिच्यातला शेवटचा उपयोग काढून घेतो.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. या नियमांखाली कोणत्या वस्तू येतात त्याची यादी 21 वरून 106 वर गेली. उत्पादकाने आपल्या मालाच्या प्रमाणात नोंदणीकृत रीसायकल करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं घ्यायची असतात आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याचा हिशेब लागतो. वस्तू दुरुस्त करून तिचं आयुष्य वाढवणाऱ्यालाही या नियमांत जागा आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. ही तरतूद फार मोलाची आहे. मात्र उत्पादकानेच सॉफ्टवेअरचं कुलूप लावलं असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याने काय करायचं? या प्रश्नाला टनात मोजणाऱ्या नियमांकडे उत्तर नाही.

उत्तराची सुरुवात इतरत्र झाली आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकाला, सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकतानाच सांगावं लागतं. अमेरिकेत तशी सक्ती नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर 2024 मध्ये 184 जोडल्या जाणाऱ्या उत्पादनांची पानं तपासली, तेव्हा जवळपास 89 टक्के उत्पादनांच्या पानांवर ही माहिती सापडली नाही. फ्रिज घेताना आपण कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी विचारतो. स्पीकरच्या सॉफ्टवेअरची मुदत विचारायची सवय अजून लागलेली नाही, आणि दुकानदारालाही बहुधा ती माहीत नसते.

बोसने काय केलं

2013 पासून विकल्या गेलेल्या साउंडटच या वायरलेस स्पीकरांना लागणारी इंटरनेट सेवा फेब्रुवारी 2026 मध्ये बंद करू, असं बोस कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं. महागडे स्पीकर, त्यामुळे ओरड तशीच झाली. पण पुढची पावलं वेगळी पडली. कंपनीने मुदत मे 2026 पर्यंत वाढवली, आणि जानेवारीत या स्पीकरांशी ॲप कसं बोलतं त्याची तांत्रिक माहिती सगळ्यांसाठी खुली केली. त्यामुळे बोसचा सर्व्हर गेल्यावरही एखादा हौशी प्रोग्रॅमर स्वतःचं ॲप लिहून स्पीकर चालवू शकतो. ब्लूटूथ आणि वायरीची जोडणी तर चालू राहतेच. कंपनीला कायमचा खर्च उचलायला लागला नाही आणि लोकांच्या घरातली वस्तूही मेली नाही. हे ऑडिओच्या धंद्यात सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं, आणि कायद्याने मागावं असंही.

सोनोसला मात्र पुन्हा ठेच लागली. मे 2024 मध्ये कंपनीने ॲप नव्याने लिहून सगळ्यांवर एकदम सोडलं. गजराची सोय, गाण्यांची रांग बदलणं अशा रोजच्या गोष्टी त्यात सुरुवातीला नव्हत्या, आणि जुनं ॲप परत आणता येणार नाही असं ऑगस्टमध्ये सांगण्यात आलं. जानेवारी 2025 मध्ये स्पेन्स यांनी पद सोडलं. या खेपेला एकही स्पीकर जुना झालेला नव्हता. बिघडलं ते त्याला चालवणारं ॲप, आणि ते मालकाच्या हातात नव्हतं.

म्हणून घरासाठी स्पीकर घेणार असाल, तर मी आग्रहाने सांगेन की संगणक आणि स्पीकर शक्यतो वेगळे ठेवा. दोन साधे स्पीकर, एक साधा ॲम्प्लिफायर, आणि इंटरनेटवरून गाणी आणणारी एक छोटी स्वस्त डबी. डबी पाच-सात वर्षांनी जुनी झाली तर तेवढीच बदलता येते. जागेअभावी एकसंध वायरलेस स्पीकरच घ्यायचा असेल, तर त्याला ब्लूटूथ आणि वायरीची जोडणी आहे ना बघा, आणि मुख्य म्हणजे ती ॲप किंवा खात्याशिवाय चालते का ते दुकानातच विचारा. चालत नसेल तर ती जोडणी फक्त नावाला आहे.

बदल्याची ऑफर घेताना दुकानदाराला किंवा कंपनीला एकच गोष्ट विचारा: माझी जुनी वस्तू कुणाकडे जाणार? दुरुस्तीला की तुकडे करायला? उत्तर मिळालं नाही, आणि वस्तू चालती असेल, तर सवलत सोडून ती ओळखीत कुणाला देऊन टाकणं बऱ्याचदा बरं पडतं. देताना ती आपल्या खात्यातून काढून, रीसेट करून द्या. अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी आपला जुना वायरलेस स्पीकर बॅगेत घालून आणणार असतील, तर निघण्याआधीच त्यांच्याकडून हे करून घ्या आणि स्पीकर 230 व्होल्टवर चालतो का ते मागच्या पट्टीवर वाचायला सांगा. अमेरिकेत 120 व्होल्ट असतात. तिथला काही माल दोन्हींवर चालतो, काही इथे प्लग लावताच जळतो.